आम्हाला मिळालेला भोपळा

(आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयात जूनच्या शेवटच्या रविवारी केलेलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं.)

नमस्कार. बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून, आणि तो पंखा जरा आजींच्या बाजूला वळवा कुणीतरी.

आधीच सांगते, बोर्डावर लिहिलंय "उन्हाळी सुट्टीचं नियोजन" आणि त्याखाली माझं नाव, तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि जिथे लोक आजही मे महिन्याच्या उकाड्यात व्याख्यानं ऐकायला जातात, तिथे माझ्यासारखीनं उभं राहून व्याख्यान द्यायचं म्हणजे धाडसच आहे. कमिटीतल्या काकूंनी आमच्या मुलांना गच्चीवर सकाळी साडेसहाला फुलांशी काहीतरी उद्योग करताना पाहिलं आणि त्यांना वाटलं हे लोक फार प्लॅनिंगवाले दिसतात. नाही हो, प्लॅन असता तर मुलं शिबिरात असती.

खरं काय झालं, तर मार्चमध्ये आम्ही शिबिरांची पत्रकं गोळा केली, रोबोटिक्स, माती, अ‍ॅबॅकस, घोडा, काय काय, आणि नवरा म्हणाला हे महाग आहे, मी म्हटलं ते लांब आहे, आणि या वादात एप्रिल उजाडला आणि सगळीकडे फुल. चूक पूर्णपणे आमची. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, दोघांना दोन महिने सुट्टी, आमचं दोघांचं ऑफिस चालू आणि घरात सासूबाई, ज्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी बघीन मुलांना, पण दिवसभर टीव्ही लावणार असाल तर मी भोरला जाते." (मोबाइल बघितला का मुलांनी? बघितला. भरपूर बघितला. ते लपवायचं नाही मला.)

मग सुरुवात झाली ती बाल्कनीत. आमची बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे दुपारी दोननंतर तव्यावर पाय ठेवल्यासारखं. आम्ही उत्साहात नर्सरीतून पोयटा माती आणली, कोकोपीट आणलं, मेथी टाकली, कोथिंबीर टाकली. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली, मुलं नाचली, आणि सातव्या दिवशी आडवी झाली, सगळी, उन्हानं करपून. कोथिंबीर तर उगवलीच नाही. मी यूट्यूबवर कारण शोधत बसलेय आणि सासूबाई शांतपणे विचारतात, "धणे रगडले होतेस का?" म्हणजे एका धण्यात दोन बिया असतात, ते हलकेच रगडून अर्धे करून पेरायचे असतात, आणि तसं केलं तरी एप्रिल हा काही पुण्यात कोथिंबिरीचा महिना नव्हे. मी म्हटलं, आई, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "तू विचारलं नाहीस, तुला येतंय असं वाटलं."

हे वाक्य मला फार लागलं, म्हणजे वाईट अर्थानं नाही, पण लागलं. कारण आपण मुलांसमोर कायम येतंय असंच वागतो ना? त्यांना क्लासला घालतो, फी भरतो, बाहेर गाडीत बसून वाट बघतो, "काय शिकलास आज?" विचारतो, पण आपण स्वतः एखादी गोष्ट न येता धडपडतोय हे त्यांना कधी दिसत नाही. शाळेत शून्य मिळालं की आपण म्हणतो भोपळा मिळाला. आईबाबांना भोपळा मिळालेला पोरांनी बघितलाच नसतो. या उन्हाळ्यात मात्र त्यांनी पोटभर बघितला.

आता खरा भोपळा. बाल्कनीत जमेना म्हणून आम्ही गच्चीकडे वळलो आणि इथे बसलेल्या सेक्रेटरी काकांना माहितीये पुढे काय झालं. वॉटरप्रूफिंग. बरोबर आहे त्यांचं, पाणी मुरलं की सहाव्या मजल्यावरच्यांच्या छताला पोपडे, तेव्हा तडजोड अशी निघाली की कुंड्या जमिनीवर नाही तर विटांवर, खाली ट्रे, आणि फक्त टाकीच्या सावलीतला कोपरा. तिथे दोन मोठ्या ग्रो बॅग, वर हिरवी नेट, आणि त्यात सासूबाईंनी डब्यातून काढलेल्या लाल भोपळ्याच्या बिया. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरल्या. वेल असा सुटला की विचारू नका, वाळत घातलेल्या साड्यांवर चढला.

मेच्या मध्याला फुलं आली. पिवळीधमक, वीस-पंचवीस. मुलीनं वहीत रोज आकडा लिहायला सुरुवात केली आणि सगळी फुलं एका दिवसात गळून जायची, फळ एकही नाही. नवरा म्हणाला खत कमी पडतंय, मी म्हटलं पाणी जास्त होतंय, आम्ही दोघंही चूक. ती सगळी नर फुलं होती! भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आधी नरच येतात, आणि जास्त उष्णतेत तर नरांचीच गर्दी होते. मादी फूल ओळखायची खूण इतकी सोपी आहे की एकदा कळल्यावर लाज वाटते, फुलाच्या खाली देठाशी इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. तो कुणी फुलवायचा बाकी असतो एवढंच. नर फुलाखाली नुसता लांब दांडा. (गळणाऱ्या नर फुलांची भजी करतात हेही सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं, म्हणजे वीस-पंचवीस फुलं गेली त्याचा हिशोब मी भज्यांमध्ये करून बसले.)

पहिलं मादी फूल २५ मेला आलं आणि पिवळं पडून कुजून गेलं. कारण आमच्या सहाव्या मजल्याच्या वर मधमाशा फारशा फिरकत नाहीत, परागकण नेणार कोण? मग ते काम आम्ही केलं. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत मिटतं, म्हणून सकाळी साडेसहाला जायचं, ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला पिवळा पराग भरलेला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, खोटं नाही सांगत. मुलगा म्हणाला, "आई, तू मधमाशी आहेस, आवाज काढ." तर काढला. समोरच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांनी बघितलं, ते आता मला नमस्कार करत नाहीत.

अशा पाच मादी फुलांतून दोन फळं धरली, त्यातलं एक फळमाशीनं डंख मारून घालवलं, राहिला एक. त्याच्याबद्दल शेवटी.

पोहण्याचं पटकन सांगते. मुलीला टँकवर घातलं, आणि तिथे मोठ्या बायकांची पण बॅच होती, तर मी ३६व्या वर्षी उतरले. मुलगी बाराव्या दिवशी टँकच्या या टोकाहून त्या टोकाला. मी बाराव्या दिवशी दांडी धरून पाय मारत होते आणि ती काठावरून ओरडत होती, "आई, श्वास पाण्यात सोड, वर नाही!" नाकात किती पाणी गेलं त्याला मोजदाद नाही. अजूनही मला अर्धाच टँक येतो, पुढे चर्चा नको.

मधे एक दिवस १३ मे होता. शून्य सावली. पुण्याचं अक्षांश साधारण साडेअठरा अंश, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदाच बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि मग परत जात असताना जुलैच्या अखेरीला, तेव्हा मात्र आभाळ भरलेलं असतं त्यामुळे दिसायची शक्यता कमीच. मला ३६ वर्षं असं वाटत होतं की सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो! नवरा इंजिनिअर, त्यालाही तसंच वाटत होतं, फक्त तो मान्य करत नाही. आम्ही बारा वाजता गच्चीवर स्टीलचा पेला पालथा ठेवून बसलो तर सावली आहेच. मग बसून हिशोब केला, आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात, तो मिर्झापूरजवळून जातो, पुणं त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य अर्ध्या तासाहून जास्त उशिरा माथ्यावर येतो. साडेबाराला खरंच पेल्याची सावली पेल्याखाली गेली. धाकट्यानं पेला उचलून खाली बघितलं, सावली तिथे लपलीय का ते. आणि मोठी म्हणाली, "सूर्याला पण भोपळा."

आता टेंट. टेंट नवऱ्याच्या मित्राचा, उसना. आधी गच्चीवर लावून बघितला, दीड तास लागला आणि बाहेरचं कापड उलटं. तरीही पुढच्या शनिवारी पवना धरणावर गेलो, कामशेतवरून आत. तुम्हाला माहितीये आता तिथे काय असतं, रांगेनं टेंट, लाइटच्या माळा, आणि रात्री स्पीकर. मला ते अजिबात आवडत नाही, तळ्याकाठी जाऊन तीच गाणी ऐकायची असतील तर मग डेक्कनला काय वाईट आहे? आम्ही एका शेतकऱ्याच्या बांधाजवळची जागा धरली, गर्दीपासून लांब. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, चारही किल्ले त्या परिसरातले, मुलांना ओळखायला लावले, आम्हीच दोन चुकलो.

मेमध्ये धरणाचं पाणी खूप मागे जातं, तळाचा भेगाळलेला चिखल दिसतो, आणि वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. एरवी वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. मुलांनी विचारलं, देऊळ पाण्यात कुणी बांधलं? तेव्हा त्या शेतकऱ्याच्या घरातल्या आजींनी सांगितलं की देऊळ पाण्यात नाही बांधलं गं, पाणी देवळात आलं, इथे गावं होती, आमची शेती होती. त्यांनी हात करून दाखवलं, तिथे आमचं खळं, तिथे चिंच, आणि दाखवत होत्या ते सगळं पाणी. माझ्या नवऱ्याचं ऑफिस चिंचवडला, पिंपरी-चिंचवडला पाणी जातं ते इथलंच. २०११ च्या ऑगस्टमध्ये याच पाण्याच्या पाइपलाइनवरून मावळात आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले, आम्हाला ते बातमीपुरतं आठवत होतं. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मीही तिला काही समजावत बसले नाही, आजी सांगत होत्या तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी चुलीवर पिठलं आणि फुफाट्यात भाजलेले कांदे. पेटवायला मात्र आम्हाला अख्खी काडेपेटी लागली, शेवटी आजींनीच येऊन दोन वाळक्या काटक्या आणि एका फुंकरीत काम केलं.

रात्री आभाळ मोकळं होतं, अमावस्येच्या आसपासचे दिवस. नवऱ्यानं ॲपवर बघून सांगायला सुरुवात केली, मग बॅटरी गेली, बरंच झालं. सप्तर्षींची शेपटी आहे ना, तिचा बाक तसाच पुढे नेला की लालसर स्वाती, आणि अजून पुढे नेला की पांढरी चित्रा. सासूबाईंना चैत्र-वैशाख तोंडपाठ, पण ज्या महिन्याची पौर्णिमा चित्रा नक्षत्राजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, हे आकाशात बोट दाखवून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. "एवढ्या वर्षांत कुणी दाखवलंच नाही," म्हणाल्या. कोथिंबिरीची परतफेड झाली असं मी मनात म्हटलं, मोठ्यानं नाही.

आणि मग रात्री दोनला वळीव. जमीन मुरमाड, खुंट्या जेमतेम दोन बोटं आत गेलेल्या, पहिल्या वाऱ्यालाच तीन उपटल्या आणि टेंट आमच्यासकट फुगला. नवरा एक कोपरा धरून, मी दुसरा धरून, धाकटा हसतोय, मोठी रडतेय, सासूबाई पिशव्या छातीशी धरून बसलेल्या. पाच मिनिटांत सगळं ओलं. शेवटी शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपलो, गोठ्याच्या शेजारी, आणि खरं सांगते, इतकी गाढ झोप मला वर्षात लागली नव्हती. सकाळी त्या दादांनी बघून सांगितलं की खुंटी सरळ नाही, टेंटपासून बाहेर तिरकी ठोकायची आणि वर दगड ठेवायचा. मुलीनं वहीत लिहून घेतलं. त्याच वहीत, फुलांच्या आकड्यांच्या खाली.

खर्च किती आला विचारतात लोक. शिबिराच्या फीपेक्षा कमी, पण मित्राच्या टेंटचा एक पोल वाकला त्याचा धरला तर जवळपास तेवढाच.

तर तो भोपळा. आत्ता नारळाएवढा आहे, माझ्या जुन्या ओढणीच्या झोळीत टांगलाय, वजनानं वेल तुटू नये म्हणून. सासूबाई म्हणतात देठ वाळला पाहिजे, आणि सालीला नख लावून बघायचं असतं, नख रुतलं नाही की तयार. म्हणून हात जोडून विनंती, गच्चीवर कपडे वाळत घालायला जाल तेव्हा कृपया सगळ्यांनी नख लावून बघू नका. काल संध्याकाळपर्यंत त्याच्यावर अकरा खुणा झाल्यात आणि त्यातल्या निदान दोन तरी सेक्रेटरी काकांच्या आहेत असं आमच्या धाकट्याचं म्हणणं आहे.