तयारी नसताना आलेलं मरण

संतांची जी जुनी लितानी आहे ना, म्हणजे एकानं म्हणायची आणि सगळ्यांनी उत्तर द्यायची लांबलचक प्रार्थना, तिच्यात एक मागणं असायचं, की अचानक आणि तयारी नसताना येणाऱ्या मरणापासून प्रभू आम्हाला सोडव. म्हातारी माणसं मरणाला फार भ्यायची नाहीत, त्यांना धास्ती असायची ती पापाची कबुली न देता, फादरांच्या हातचं तेल कपाळाला न लागता जाण्याची. म्हणून तर मारियेचा नवरा संत योसेफ, त्याच्याकडं चांगलं मरण मागतात, तो गेला तेव्हा उशाशी येशू आणि मारिया होते असं मानतात म्हणून.

कोल्हापुरातल्या एका कॅथलिक घरात मात्र नेमकं तसलंच मरण आलं. पंचविशीतला पोरगा, कागलच्या एमआयडीसीत कामाला, सेकंड शिफ्ट करून बाईकवरनं हायवेनं घरी यायला लागलेला, वाटेतच अपघातात गेला, आणि इकडं आईनं त्याचं ताट झाकून ठेवलेलं. नाव आम्ही घेत नाही, घरच्यांनी तशी विनंती केलीय.

आता ही माणसं किती आणि कुठली ते सांगायला पाहिजे. कोल्हापुरात ख्रिश्चन म्हटलं की लोकांना वायल्डर मेमोरियल चर्चच आठवतं, पण ते प्रोटेस्टंट, १८५२ साली इथं आलेल्या रॉयल वायल्डर या अमेरिकन मिशनऱ्याच्या नावाचं. कॅथलिक वेगळे, आणि मूठभर. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातनं, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखालच्या मुलखातनं, सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा काढला, त्यात आपला जिल्हा गेला, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च सावंतवाडीला. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बसलेल्यांत कोण आजरा-चंदगडकडचं घरी कोकणी बोलणारं, कोण पक्कं मराठी, कोण केरळची नर्स, कोण बदलीवर आलेलं. आणि मूठभर असले म्हणून भांडत नाहीत असं काही नाही हं, कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्या मंडळीत, कुठल्या भाषेतलं गाणं घ्यायचं यावरनं महिनोन् महिने अबोला धरलेली माणसं आहेत यात.

त्या रात्री सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, आवारात मात्र अबोला धरलेले दोघं एकाच बाकावर बसून होते. पोस्टमॉर्टेम सकाळी होणार होतं. फादर होते, आणि सगळ्यात पुढं होती गल्लीतल्या तालमीची पोरं, कारण पंचनाम्यापासून शववाहिकेपर्यंत सगळं त्यांनाच पाठ, गल्लीत कुणाच्याही घरी मयत झाली तरी हीच पोरं पळतात. एकजण घरी येऊन आईला म्हणाला, "काकू, तुम्ही बसा, कागदाचं आम्ही बघतो." घरात चूल पेटणार नव्हतीच, शेजारनं पिठलं-भाकरी आली, समोरच्या मुस्लिम घरातनं चहाचा थर्मास दिवसभर भरून येत राहिला.

आईला एकच प्रश्न. "फादर, माझ्या लेकराला तेल लागलं नाही. आता त्याचं काय?"

खरं सांगायचं तर याला गुळगुळीत उत्तर देणं सोपं होतं, पण फादरांनी तसं दिलं नाही. ते म्हणाले, तेलाचा संस्कार जिवंत माणसासाठी असतो, आजाऱ्याला बळ म्हणून. माणूस गेलाय का नाही याची शंका असेल तर लावता येतं, गेला हे नक्की असलं तर नाही, मग मी खोटं खोटं लावून तुम्हाला फसवू कशाला? पण चर्च मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचं कधी सोडत नाही आणि देवाची दया आपल्या तेलाच्या बाटलीएवढी नाही. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मग देव हायवेवर कुठं होता?" फादर गप्प. त्यांनी तिथंच खाली सतरंजीवर बसून जपमाळ काढली.

त्या संध्याकाळपासून घरात रोज जपमाळ, नऊ दिवस. दुःखाची रहस्यं घेतली, म्हणजे जपताना आठवायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग, गेथशेमानीच्या बागेतल्या घामापासून क्रुसावरच्या मरणापर्यंत पाच. एक दशक, म्हणजे दहा मणी, मराठीत "नमो मरिये", दुसरं आजऱ्याच्या मावशींनी कोकणीत "नमान मारिये", तिसरं केरळच्या दोन नर्स ड्युटीवरनं तशाच युनिफॉर्मवर येऊन मल्याळममध्ये म्हणायच्या, आणि उत्तर प्रत्येकानं आपापल्या भाषेत दिलं तरी सूर एकत्र येऊन थांबायचा. तालमीची पोरं दारात चपला सोडून उभी, शब्द येत नव्हते त्यांना, पण शेवटच्या दिवसापर्यंत "आमेन" बरोबर वेळेवर म्हणायला शिकली. आईनं पहिले तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी मणी हातात घेतले, पण राग गेला असं कुणी समजू नये, तो अजून आहे, आणि ती तो मिस्सालाही सोबत घेऊन येते.

दफनाच्या मिस्साला पेटीवर पांढरं कापड होतं, बाप्तिस्म्याला अंगावर घालतात त्या पांढऱ्या कपड्याची आठवण म्हणून, आणि शेजारी ईस्टरला पेटवतात ती मोठी मेणबत्ती. पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, ते पण बाप्तिस्म्याचंच. कॉयरमध्ये त्या दिवशी भाषेचा वाद निघाला नाही, कारण गायला माणसंच पुरत नव्हती, शेवटी प्रोटेस्टंट चर्चमधली चार पोरं येऊन मागं उभी राहिली, त्यातल्या एकाचा आवाज इतका खणखणीत की ऑर्गनवाली मुलगीच दचकली. कबरीत माती टाकायला सगळी गल्ली रांगेत. ते मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही, मूठमाती आपल्याकडं सगळ्यांना माहीत.

सातव्या दिवशी मिस्सा झाली, मग महिन्याची झाली. कॉयरचा वाद पुन्हा सुरू झालाय, मला तर त्यात बरंच वाटलं, घर रुळावर येतंय म्हणायचं. बाकावर बसलेले ते दोघं आता बोलतात, पण एकमेकांची गाणी अजून आवडत नाहीत त्यांना. कागलला शिफ्टला जाणाऱ्या आपल्या चर्चच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघालाय, रात्री घरी पोचलं की मेसेज टाकायचा, नाही टाकला तर आधी त्या आईचाच फोन येतो, आणि ती फोनवर हेल्मेटवरनं अशी झापते की पोरं फादरांपेक्षा तिलाच भितात.

दोन नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस. आदल्या रविवारी दफनभूमीत गवत काढायचं, कबरी धुवायच्या, झेंडूची फुलं मार्केटमधनं एकदमच आणायची ठरलंय. तालमीच्या पोरांनी विचारलं किती वाजता येऊ. सकाळी सात, मिस्साच्या आधी, आणि खराटे आपापले आणा, मागच्या वेळी दोनच होते.