आधी दिवा शोधा : स्लॅबमधलं नाणं फोटोवरून पारखताना

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. टेबलावर मोबाइल, पडद्यावर चांदीचा रुपया.)

निवेदन:
महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा रुपया. एका बाजूला महाराजांची छबी, दुसऱ्या बाजूला ‘एक रुपया’, तलवार आणि संवत 1951, म्हणजे 1894-95 च्या सुमाराचा. नाणं स्लॅबमध्ये आहे, म्हणजे ग्रेडिंग संस्थेने स्थिती तपासून, ग्रेड देऊन सीलबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत. लेबलवर एयू 55, म्हणजे ‘जवळपास न वापरलेलं’. विकणारा परगावी आहे आणि त्याने दोन फोटो पाठवलेत.

नाण्याची स्थिती सांगणाऱ्या 1 ते 70 च्या शेल्डन मापात 60 पासून पुढची नाणी न वापरलेली असतात. 50 ते 58 म्हणजे फक्त उंच भागांवर किंचित झीज. तरीही दोन 55 सारखी नसतात, आणि त्यांच्यातला फरक फोटोतूनच काढावा लागतो. लेबलवर ‘डीटेल्स’ शब्द असेल तर नाणं साफ केलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे. त्याचा भाव साध्या ग्रेडच्या नाण्याशी लावू नये.

(दृश्य: अक्षरांच्या सावल्यांवर कॅमेरा.)

फोटोत आधी दिवा शोधा. अक्षरांची सावली ज्या बाजूला पडते, दिवा तिच्या विरुद्ध बाजूला. सावलीच नसेल तर उजेड सगळीकडून पसरवलेला आहे, आणि अशा उजेडात बारीक चरे दिसतच नाहीत. कापडाने पुसल्याचे चरे केसाएवढे असतात. उजेड त्यांना आडवा गेला तरच ते चमकतात. त्यांच्याच दिशेने आला तर नाहीसे होतात. म्हणून विकणाऱ्याला नेमकं सांगा: दिवा एकच, जागेवर स्थिर, एक फोटो काढून नाणं काटकोनात फिरवा आणि दुसरा काढा. पहिल्यात गुळगुळीत दिसलेल्या मैदानावर, म्हणजे छबी-अक्षरांभोवतीच्या मोकळ्या भागावर, दुसऱ्यात समांतर रेघा उमटल्या, तर ते बहुधा घासलेलं नाणं आहे.

रेघ नाण्यावर आहे की प्लॅस्टिकवर? नाण्याची कड ओलांडून बाहेर गेली तर प्लॅस्टिकवर. तेवढ्याने कळलं नाही तर स्लॅब थोडा तिरका करून आणखी एक फोटो घ्यावा. प्लॅस्टिकवरची रेघ अक्षरांच्या मानाने सरकते, नाण्यावरची जागा सोडत नाही.

(दृश्य: महाराजांच्या छबीचा जवळून फोटो.)

आता झीज. गाल, मिशी, पगडीवरचा अलंकार हे छबीचे उंच भाग. आधी तेच झिजतात. ठसा कमी दाबाने बसला असेल तरीही हेच भाग सपाट दिसतात, आणि खरी चूक होते ती इथे. झिजलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा करडा, चमक तुटलेली. ठसा कच्चा असेल तर सपाट जागेवरही मूळ चमक टिकते. स्थिर फोटोवरून हा निवाडा अवघड, त्यामुळे वीसेक सेकंदांचा व्हिडिओ मागवावा. एका दिव्याखाली नाणं सावकाश कलवलं की मधून कडेपर्यंत पसरलेले मूळ चमकेचे पट्टे गोल फिरतात आणि झिजलेल्या जागेशी तुटतात. पॉलिश केलेलं नाणं चकाकतं, पण त्यावर पट्टे फिरत नाहीत.

संस्थानी रुपयांची कडही नीट पाहावी. अनेक रुपये दागिन्यात ओवण्यासाठी कडी जोडलेले होते. कडी काढल्यावर कडेला सपाट, वेगळ्या रंगाचा तुकडा राहतो. एनजीसी या ग्रेडिंग संस्थेच्या स्लॅबमध्ये नाण्याभोवतीच्या पांढऱ्या चौकटीची बोटं नाणं धरतात आणि कडेचा काही भाग झाकतात, म्हणून छबीच्या वरच्या कडेचा फोटो स्वतंत्र मागवा. त्या पांढऱ्या चौकटीचा आणखी एक उपयोग आहे. फोटोत ती पिवळट किंवा निळसर दिसली, तर नाण्याच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. निळं-जांभळं टोनिंग, म्हणजे काळाने चांदीवर चढलेला रंग, पाहून पैसे मोजणाऱ्यांनी तर हे आधी पाहावं.

(दृश्य: फाइल पाठवताना मोबाइलचा पडदा.)

व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर फोटो आकसतो आणि बारीक चरे त्यातच विरघळतात.

शेवटी स्लॅबवरचा क्रमांक ग्रेडिंग संस्थेच्या वेबसाइटवर टाकावा. वर्ष आणि ग्रेड जुळले तरी तिथे थांबू नये, कारण बनावट स्लॅबवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असू शकतो. संस्थेने फोटो ठेवला असेल तर एखादा डाग, एखादी खोच, अक्षराजवळचा काळपट ठिपका दोन्हीकडे त्याच जागी आहे का ते पाहा. नाण्यावर एखादा नवा हिरवट डाग दिसला, तर तो ग्रेड दिल्यानंतर आलेला आहे. लेबलवरच्या आकड्यात तो धरलेला नाही; भाव तेवढा उतरवून बोला, किंवा सौदा सोडा.