रांजण भरणारे चाकर

श्रोते बंधुभगिनींनो, ख्रिस्ताच्या नावात सलाम.

गालीलातल्या काना गावचं लग्न आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. द्राक्षारस संपला, येशूची आई मरिया चाकरांना म्हणाली, "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा," आणि पाण्याचा द्राक्षारस झाला. ऐकताना मन चमत्कारावर जाऊन थांबतं. आज जरा त्या रांजणांपाशी थांबू या.

सहा दगडी रांजण. एकेकात दोन-तीन मण पाणी मावेल असे, म्हणजे आजच्या हिशेबानं 80 ते 120 लिटर. सगळे मिळून सुमारे 500 लिटर तरी. नळ नव्हता. एका घागरीत 15 लिटर धरले तरी पस्तीस-चाळीस खेपा झाल्या. ज्यांनी वैशाखात डोक्यावरून पाणी वाहिलंय, त्या आयाबहिणींना ही मेहनत मी काय सांगावी! आणि गंमत पाहा, हवा होता द्राक्षारस, येशूनं सांगितलं पाणी भरायला. का, हे सांगितलं नाही. चाकरांनी विचारलंही नाही. ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार योहान लिहितो, त्यांनी ते काठोकाठ भरले. पुढचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. भोजनकारभाऱ्यानं द्राक्षारस चाखला, पण तो कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं, त्यांना ठाऊक होतं. त्या मांडवात चव सगळ्यांनी घेतली. प्रभूची ओळख झाली ती खेपा घालणाऱ्यांना.

आपण उलट्या बाजूनं चालतो. आधी विश्वास वाढू दे, मग आज्ञा पाळीन, असं म्हणत वर्षं जातात.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय, की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी गवसला. एवढ्या विदुषीनं हे मोकळेपणी कबूल केलं, याचा मला मोठा आधार वाटतो. मधली वर्षं त्या थांबून राहिल्या नाहीत. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवणं, त्यांचं जेवणखाण, आजारपण, वर समाजाची टीका. जेवढं कळलं होतं तेवढं त्या करत राहिल्या, आणि करता करताच त्यांना पुढचं दिसत गेलं.

मग 1896 चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेले होते. त्या स्वतः भावासोबत उपाशीपोटी देशभर पायी फिरल्या होत्या. मध्य प्रांतातली भूक ऐकल्यावर त्यांना घरी बसवेना. अमेरिकेतून सदनाला मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची, ती मुदत संपत आलेली. तरी त्या गेल्या, शेकडो मुलीबाळींना घेऊन आल्या आणि केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभं राहिलं.

पण मला त्यांची शेवटची वर्षं जास्त जवळची वाटतात. ऐकू येणं कमी झालेलं. कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, यावं म्हणून बाई इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकल्या आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ ओळीमागून ओळ भाषांतर करत राहिल्या. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली. तरी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून निघालं 1924 साली, मुक्तीच्याच छापखान्यात. लेखणी घेऊन रोज त्याच मेजाशी बसणं, हीसुद्धा विहिरीवरची खेपच.

आता माझी गोष्ट. बांधावरून धाकट्या भावाशी माझं बोलणं तुटलं, त्याला दोन वर्षं झाली. रोज पहाटे मी वचन वाचत होतो, प्रार्थना करत होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी आलो की गाडी अडखळायची: वेदीपुढे आपलं दान ठेव आणि निघून जा, प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर. मी ते वाचून पान उलटायचो. प्रार्थना कोरडी पडली, तर मी म्हणायचो, प्रभू दूर गेला. तो दूर गेला नव्हता. त्यानं सांगितलेला रांजण रिकामा होता.

गेल्या महिन्यात फोन केला. भाऊ दोन मिनिटं बोलला, तेही पावसाबद्दल. बांधाचा वाद तसाच आहे. पण त्या संध्याकाळी गुडघे टेकले तेव्हा, बऱ्याच दिवसांनी, मी कोणाशी तरी बोलतोय असं वाटलं. दुसऱ्या फोनला त्यानं आईचं औषध चालू आहे का, विचारलं.

तुमच्या घरचा रांजण वेगळा असेल. उधारी चुकवायची असेल, सुनेची क्षमा मागायची असेल, हजेरीत खरी वेळ लिहायची असेल. वचनानं कुठे बोट ठेवलंय ते तुम्हांला माहीत आहे. मी सांगायची गरज नाही.

या रविवारी उपासनेनंतर मी भावाकडे जाणार आहे. तो दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा. मीही तुमच्यासाठी करतो.

सलाम.