पुलीवरचा पंखा

नमस्कार मंडळी. या व्याख्यानमालेत आधीच्या संध्याकाळी संतसाहित्य झालं, सहकार झाला, आज तुमच्या वाट्याला कपडे धुण्याचं मशीन आलंय. येताना पिशवीत एक वस्तू आणलीय, ती पुढच्या रांगेपासून फिरू द्या. काळी, प्लास्टिकची, तळहातात मावेल एवढी. एका अंगाला खाच आहे, दुसऱ्या अंगाला चक्राच्या आऱ्यांसारखी सरळ पाती. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या वॉश मोटरची ही पुली. खाचेत बेल्ट बसतो. पाती दिसतात तो पंखा.

ही तुटली की बरेच मेकॅनिक हाताला येईल ती पुली बसवतात. माप जुळलं की झालं, पाती असोत नसोत. बेल्ट फिरतो, कपडे निघतात, गिऱ्हाईक खूश. पुढच्या उन्हाळ्यात मोटर जळून येते. मी हे ठामपणे सांगतो, कारण अशी बिनपात्याची पुली मी स्वतःच्या घरी बसवली होती. चाळीस वर्षं लोकांच्या मोटरी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली, आणि घरातली जाळली. त्या दिवशी बायको काय बोलली ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

मोटर कपडे कशी धुते आणि मोटर गार कशी राहते, हे आपण दोन वेगळे विषय समजतो. या मशीनमध्ये ती दोन्ही कामं या एकाच तुकड्यावर आहेत. जी पुली बेल्ट ओढते तीच वारा घालते. आजचं सगळं बोलणं तेवढ्यापुरतंच आहे.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. मशीनच्या मागच्या पत्रीवर वॉशसाठी ३५०-४०० वॅट असा आकडा दिसेल. ही मोटर घेते ती वीज. एवढ्या लहान सिंगल फेज मोटरीत त्यातली निम्मी वीज कामाला आली तरी पुष्कळ झालं. उरलेले दीड-दोनशे वॅट मोटरीच्या पोटातच उष्णता होऊन बसतात. जुने ६० वॅटचे पिवळे बल्ब आठवा. तसे तीन बल्ब एका डब्यात सतत पेटलेले, डब्यावर पाण्याचा टब आणि चारी बाजूंनी मशीनची प्लास्टिकची भिंत. वारा नसेल तर काय होईल, सांगायला नको.

आतलं तापमान किती गेलं ते कसं ओळखायचं? हात लावून बाहेरचं लोखंड कळतं, वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, कळत नाही. तांब्याचा एक चांगला गुण आहे. तापलं की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ठरावीक प्रमाणात वाढतो. समजा, सकाळी ३० अंशाला मीटरवर वाइंडिंग ३० ओहम दाखवतं. तीन घाणे झाल्यावर प्लग काढून लगेच मोजलं आणि ३९ ओहम आलं. रोध १.३ पट झाला. तांब्यासाठी २३४.५ हा आकडा धरतात. २३४.५ अधिक ३० म्हणजे २६४.५, त्याची १.३ पट साधारण ३४४, त्यातून २३४.५ वजा केले की उरतात १०९ अंश. घरातल्या मोटरीचं वाइंडिंग १०९ अंशाला, पाण्याच्या उकळीच्याही वर, आणि तरी ती ठणठणीत! कारण तारेवरची इनॅमल आणि वार्निश, म्हणजे तिचं इन्सुलेशन, ‘बी’ वर्गाची असेल तर १३० अंशापर्यंतची मुभा असते, ‘एफ’ वर्गाला १५५. पण ही मुभा फुकट मिळत नाही. आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की वाइंडिंग कायम दहा अंश जास्त तापत राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं.

विदर्भातल्या मंडळींसाठी एक सांगतो. मोटरीचं गणित मांडताना बाहेरची हवा ४० अंश धरतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि मशीन असतं पश्चिमेच्या गॅलरीत. म्हणजे पहिला कपडा टाकण्याआधीच पाच-सहा अंश खर्ची पडलेले.

आता बेल्टकडे येऊ. मोटर चार पोलची, म्हणजे चार चुंबकी टोकांची. ५० हर्ट्झवर तिचा आदर्श वेग मिनिटाला १५०० फेरे, लोड आला की १३५० च्या आसपास. एवढ्या वेगाने पाण्यात चकती फिरवली तर कपड्यांच्या चिंध्या होतील. म्हणून मोटरीवर लहान पुली, खाली मोठी पुली. मोठीचा व्यास तिप्पट असेल तर वेग ४५० वर येतो आणि जोर तिपटीच्या आसपास जातो. काही मशीनमध्ये पल्सेटरखाली, म्हणजे टबाच्या बुडाच्या त्या चकतीखाली, गिअर बॉक्सही असतो, तिथे वेग आणखी कमी आणि पल्सेटर मोठा. मोटर मात्र दोन्हीकडे जोरातच फिरते, आणि पंखा मोटरीच्याच दांड्यावर असल्यामुळे त्यालाही तो पूर्ण वेग मिळतो. हे डिझाइन मला फार आवडतं. पंखा खालच्या मोठ्या पुलीवर लावला असता तर तिप्पट मंद फिरला असता.

पाती सरळ का, बाकदार का नाहीत? घरातल्या छताच्या पंख्याची पाती वळलेली असतात, कारण तो एकाच दिशेला फिरतो. वॉश मोटर एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. बाकदार पात्याने एका दिशेला छान वारा दिला असता आणि दुसऱ्या दिशेला रडला असता. सरळ पातं दोन्हीकडे सारखंच, ना फार हुशार ना अगदी ढ. आवाज जरा जास्त करतं, ते सोसायचं.

दिशा बदलण्याचं काम टायमर करतो. या मोटरीत दोन सारखी वाइंडिंग असतात आणि मध्ये एक कंडेन्सर. टायमरच्या आतली पत्ती कंडेन्सर या वाइंडिंगकडून त्या वाइंडिंगकडे देते, मोटर उलटी फिरते. पण त्याआधी काही सेकंद सगळं थांबतं. लोकांना वाटतं, थांबणं कपड्यांसाठी आहे. कपड्यांचाही फायदा होतो, पण जीव वाचतो मोटरीचा. फिरत्या मोटरीला थेट उलटा करंट दिला तर तिला आधी थांबवायला, एकदा सुरू होताना पडते त्याच्या तिप्पट उष्णता रोटरमध्ये, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागात, पडते, मग उलट दिशेला वेग घ्यायला आणखी एक पट. थांबून मग उलटवलं की ती तिप्पट वाचते. टायमरची पत्ती चिकटली आणि मध्ये थांबणंच बंद झालं, तर कपडे जोरात धुतले जातायत असं वाटून घरचे खूश होतात. मोटर आतून शिजत असते.

आता या रचनेतली खरी खोट. पंखा मोटरीच्या वेगावर जगतो. मोटर मंदावली की वारा मंदावतो. आणि मोटर मंदावते कधी? लोड वाढला, व्होल्टेज पडलं, दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडे पडले, टबाच्या बुडाशी मोजा अडकला तेव्हा. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त तयार होते नेमकी तेव्हाच वारा सर्वांत कमी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

व्होल्टेजचं उदाहरण घ्या. आपल्याकडे वाडी-वस्तीवर संध्याकाळी २३० चे १७० झालेले मी स्वतः मोजलेत. या मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १७० भागिले २३० म्हणजे ०.७४, त्याचा वर्ग ०.५५. जोर निम्म्याहून जेमतेम जास्त उरला. पण टबातल्या चादरींना व्होल्टेजशी काय देणं-घेणं? त्यांना फिरवायला तेवढाच जोर हवा. मग मोटर मागे पडते, करंट जास्त ओढते, पंखा रेंगाळतो. टायमर सांगतो पंधरा मिनिटं, तिला पाच जड जातात.

आणि पूर्ण अडकली तर? गणित करू. वाइंडिंगमध्ये अर्धा किलो तांबं धरा. एक किलो तांबं एक अंशाने तापवायला ३८५ ज्यूल लागतात, अर्ध्या किलोला १९० च्या आसपास. अडकलेल्या मोटरीत तांब्यावर ४०० वॅट जरी पडले तरी सेकंदाला दोन अंश. ७० वरून १३० ला पोचायला अर्धा मिनिट! थोडी उष्णता लोखंडात जाते, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ मिळतो. पण फोन घ्यायला हॉलमध्ये जाऊन येईपर्यंत काम झालेलं असतं.

यावर उपाय म्हणून वाइंडिंगच्या टोकांत दोऱ्याने बांधलेला एक छोटा थर्मल असतो. ठरलेल्या तापमानाला तो सर्किट तोडतो, गार झाला की पुन्हा जोडतो. काही मोटरींत एकदाच तुटणारा फ्यूज असतो. थर्मल तुटला की मोटर थांबते, आणि मोटर थांबली की पंखाही थांबतो. म्हणून गार व्हायला इतका वेळ लागतो, अर्धा-अर्धा तास. लोक धीर धरत नाहीत, टायमर फिरवत बसतात, मग म्हणतात मशीन आपोआप सुरू झालं, भूत आहे. रिवाइंडिंगवाल्या बांधवांना हात जोडून विनंती, मोटर भरताना थर्मल बाहेर काढून वायर थेट जोडू नका. ते चार पैसे वाचवून तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरात विस्तव ठेवता.

ड्रायरची गोष्ट वेगळी आहे. तिथे बेल्ट नाही, गिअर नाही. मोटरीचा दांडा कपलिंगने सरळ टबाला. १३५० फेऱ्यांना, टबाची त्रिज्या ११ सेंटीमीटर धरली, तर कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पट जोर येतो. एक किलोचा ओला टॉवेल सव्वादोनशे किलोच्या पोत्यासारखा भिंतीला दाबला जातो, म्हणूनच पाणी निघतं. आता तो टॉवेल एका बाजूला गोळा होऊन बसला तर काय थयथयाट होईल ते तुम्ही पाहिलंच असेल. आवाजाची चिंता कमी करा. चिंता याची करा, की थरथरणारा टब पूर्ण वेग गाठतच नाही आणि मोटर बराच वेळ सुरुवातीच्या जड करंटवर राहते. ही मोटर लहान असते, पाच मिनिटांच्या हिशोबाने केलेली. एकामागून एक सहा घाणे पिळायला तिला सांगितलेलं नाही. आणखी एक, झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो ती वायर ढिली-घट्ट झाली तर ब्रेकची पट्टी टबाला घासत राहते. ड्रायर जळाला म्हणून आलेल्या मोटरींत मोटरीचा दोष नसून ब्रेकचा निघाला, असं कितीदा झालं!

कंडेन्सरबद्दल थोडक्यात. वॉशला साधारण १० मायक्रोफॅरॅड, ड्रायरला ५ च्या आसपास, बऱ्याचदा एकाच डबीत दोन्ही. मोटर गूं गूं करते पण हाताने ढकललं की फिरते, हे त्याचं लक्षण. पण पूर्ण मेलेला कंडेन्सर परवडला, अर्धमेला नको. १० चा ६ झाला की मोटर फिरत राहते, फक्त जोर कमी आणि उष्णता जास्त. मीटर घ्या आणि मोजा, अंदाज नको.

दोन टबांऐवजी एकाच अक्षावर दोन ड्रम ठेवून ते उलट दिशांना फिरवायचा प्रयोगही झालेला आहे. इंग्लंडच्या डायसन कंपनीने २००० साली ‘कॉन्ट्रारोटेटर’ नावाचं तसं मशीन आणलं. हाताने कपडा चोळल्यासारखा पिळ बसावा ही कल्पना. महाग होतं, काही वर्षांत बंद पडलं. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने १९९१ मध्ये दुसरीच वाट धरली, बेल्ट काढून टाकून मोटर थेट मशीनच्या अक्षावर बसवली. हुशारी आहे, नाकारत नाही. पण आपल्या गावातल्या मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हर आणि मीटरवर दुरुस्त करता येईल असं मशीन म्हणाल तर अजून हेच, दोन टबांचं.

‘कॉपरची मोटर आहे का?’ हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. विचारा, चांगला प्रश्न आहे. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, त्याच खाचेत तेवढीच जाड तार भरली तर ते जास्तच तापणार. पण कॉपरची मोटर घेऊन मशीनखाली गोणपाट अंथरलं आणि बुडाची जाळी बुजवली, तर तांबं काय करील? जाळी उंदरांसाठी आहे आणि वाऱ्यासाठीही. खाली चार पायांचा स्टँड ठेवा. मशीन भिंतीला चिकटवू नका. फुलाफुलांचं प्लास्टिक कव्हर चालू मशीनवर ठेवू नका. वर्षातून एकदा मागचं पॅनल उघडून पुलीच्या पात्यांत अडकलेले केस, धागे, साबणाची पूड ब्रशने काढा, अर्थात प्लग काढून.

हां, विचारा ताई. गोधडी मशीनमध्ये टाकायची का? बघा, सुती गोधडी पाणी पिऊन कितीला जाते ते एकदा बादलीसकट उचलून पाहा. टबात ती पसरत नाही, गोळा होऊन पल्सेटरवर बसते. मग आपण मघाशी केलेलं गणित, सेकंदाला दोन अंश. ती मोठ्या घमेल्यात भिजवा आणि नातवंडांना तुडवायला लावा, त्यांना आवडतं. पिळायलासुद्धा ड्रायरमध्ये नको, कठड्यावर टाका.

आणि ती पुली कुणाकडे राहिलीय? मागे द्या बरं. उद्या सकाळी एकीकडे बसवायचीय.