लोर्नाच्या आधीची शाळा

कोंकणी गायिका लोर्ना कॉर्देरोवर बोलायचं कबूल केलंय, पण सुरुवात चर्चच्या शाळेपासून करतो. जरा धीर धरा.

गवई म्हटला की आपण आधी घराणं विचारतो. मग मुंबईच्या जॅझवाल्यांचं घराणं का विचारू नये? ते आहे गोव्याची पॅरिश शाळा. पोर्तुगीज अमदानीत गावोगावचे मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, पोरांकडून सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून घेत, हाती व्हायोलिन देत आणि चर्चच्या गायनवृंदात उभं करत. कागदावरचे सूर बघताक्षणी वाजवायचे, ही त्या पोरांची तालीम. तीच विद्या घेऊन ही माणसं पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोव्याच्या गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहिली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग.

इथे चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे चाहते किती? वाटलंच मला, निम्मं सभागृह! मग १९५१चा ‘अलबेला’ आठवा. त्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला, ताजमध्ये गाजलेला. आणि १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभच्या तोंडी अँथनी गोन्साल्विस हे नाव आलं, तेव्हा आपण सगळे हसलो. खरे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. त्या चित्रपटाच्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. शिष्याने गुरूला वाहिलेला तो नमस्कार होता. किती जणांना ठाऊक होतं हे?

माझी तक्रार इथेच आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे, हे लोक ती स्वरलिपीत उतरवून घ्यायचे, व्हायोलिनांनी कुठे शिरायचं, ट्रम्पेटने कुठे थांबायचं ते ठरवायचे. श्रेयनामावलीत मात्र बहुतेकांचं नाव नाही. लताबाईंच्या एकेका मुरकीवर आपण तासन्‌तास बोलतो, आणि तिच्यामागचा सॅक्सोफोन कुणाचा, हे कधी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो. मराठी संगीत-रसिकतेतली ही मोठी उणीव आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत. तर, लोर्ना.

मुंबईतल्या गोंयकार घरातली ही मुलगी किशोरवयातच बँडसमोर उभी राहिली. मडगावच्या ख्रिस पेरीने तिला हेरलं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा, चाली बांधणारा कलावंत. तिच्याकडून त्याने कोंकणी गाणी गाऊन घेतली: ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’. स्विंगचा ठेका, पितळी वाद्यांचा दणका आणि शब्द घरचे. एरवी अशा वाद्यांपुढे गायिका एक तर दबते नाहीतर किंचाळते. लोर्नाचा आवाज जाड, भरलेला. ती शब्दाला ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, आणि तरीही कोंकणी अक्षर न्‌ अक्षर स्वच्छ ऐकू येतं. मोठ्या बँडला असं पेलणारी दुसरी भारतीय गायिका मला सापडलेली नाही.

सत्तरच्या दशकात दोघांची जोडी फुटली आणि लोर्ना वीसेक वर्षं मंचावर दिसलीच नाही. १९९५मध्ये परतली, तेव्हा गोव्यात लोकांनी तुडुंब गर्दी केली. २०१४मध्ये ‘नाचोंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट आला, तेव्हा त्यातून ही गाणी नव्या पिढीच्या कानी पडली. ती गाणी बांधणाऱ्या ख्रिस पेरीचं २००२मध्येच निधन झालं होतं.

वेळ संपली. ध्वनियंत्रणावाल्या दादांना ‘बेबदो’ लावायला सांगितलंय. कोंकणी येत नसलं तरी चालेल, बसा.