कट्ट्यांचा हिशेब आणि पेटीचे सूर

(दृश्य: धानाच्या कापलेल्या बांध्या, दूरवर वैनगंगेचे पात्र)

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून होणाऱ्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथे गाण्या-बजावण्याचे दिवस धानाच्या पिकाने ठरवून दिलेले आहेत. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते, मंडईत दंडार हे इथले लोकनाट्य उभे राहते आणि त्यानंतर हिवाळाभर, कुठे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने तर कुठे केवळ गावकऱ्यांच्या हौसेने, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी नाटके होतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे आहे. धान घरात आलेला कास्तकार अशी रात्र निर्धास्तपणे जागू शकत होता, कारण दुसऱ्या दिवशी तो उशिरा उठला तरी त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

पण ज्या वादकाला रोज सकाळी कामावर हजेरी लावायची आहे, त्याची अडचण इथूनच सुरू होते.

वडशाजवळच्या एका गावात राहणारे, पेटी (हार्मोनियम) वाजवणारे एक गृहस्थ राईस मिलमध्ये मुनीम आहेत. गावात त्यांना पेटीमास्तर म्हणतात आणि त्यांच्या इच्छेवरून आम्हीही तेच नाव वापरत आहोत. नाटकांचा हंगाम आणि मिलचा हंगाम एकच असतो, ही त्यांची खरी कोंडी आहे. मंडईचे ढोलके वाजू लागते, नेमक्या त्याच दिवसांत मिलच्या फाटकावर धानाच्या गाड्यांची रांग लागते, आणि कट्टे, म्हणजे धानाची पोती, मोजणे, वजन लिहिणे, ओलावा पाहणे, हमालांची मजुरी चुकती करणे या कामांत संध्याकाळ कधी उलटली हे कळत नाही. पूर्वी ते मंडळ्यांबरोबर गावोगाव जात असत. आता जात नाहीत. ‘‘रातभर वाजवाले काही नाही वाटत जी,’’ ते सांगतात, ‘‘पण सकाळी काट्यावर आकडा चुकला तं कास्तकाराचं नुकसान होते.’’

(दृश्य: पहाट, घराची पडवी, पेटीवर फिरणारा उजवा हात)

पेटीचा भाता हलवला नाही, तर पट्ट्या कितीही दाबल्या तरी सूर निघत नाही. नोकरी करणाऱ्या वादकासाठी या साध्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. घरातली माणसे झोपलेली असताना पेटीमास्तर भाता बंद ठेवून अलंकार आणि पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, फिरवतात. बोटांना जागा सापडतात, अंगठा कुठे खालून काढायचा हे पक्के होते, आणि सूर त्यांना मनातल्या मनात लावावा लागत असल्यामुळे ते पट्टीवर केवळ बोटांच्या सवयीने जात नाहीत. घर जागे झाले, की तेच पलटे ते भाता घालून वाजवतात आणि मनातला सूर व पेटीतला सूर जुळतो का, हे पाहतात. हा रियाज लांब नसतो, पण तो रोजचा असतो. आम्हाला त्यांच्या वादनात जी सफाई ऐकू आली, तिचा उगम या मुक्या पलट्यांत आहे असे आमचे ठाम मत झाले.

पेटीची निगा हाही त्यांच्या सुटीच्या दिवसाचा भाग आहे. मिलमधला बारीक कोंडा कपड्यांबरोबर घरी येतो, आणि त्याचा एक कण जरी पितळी रीडच्या पात्याखाली अडकला तरी तो सूर बसतो किंवा घरघरतो. ते पेटी खोलतात, त्या रीडच्या पात्याखालून कोऱ्या कागदाची पट्टी अलगद सरकवतात आणि तो सूर पुन्हा ऐकतात. मिलचे कपडे बदलल्याशिवाय ते पेटीला हात लावत नाहीत.

गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचे नाव दूरवर गेले, याचा इथे सर्वांना अभिमान आहे. त्या रंगमंचासमोर बसून नांदीपासून शेवटच्या प्रवेशापर्यंत साथ करणाऱ्या वादकांचाही त्यात वाटा आहे, आणि त्यांतल्या अनेकांना उजाडताच कामावर जायचे असते.

पेटीमास्तर आता वर्षातून एकच नाटक वाजवतात, ते आपल्या गावचे. त्या रात्रीसाठी आणि दुसऱ्या दिवसासाठी मालकाकडे रजेचा शब्द ते दिवाळीपूर्वीच टाकून ठेवतात. इतर मंडळ्यांना दिलेला नकार हा संगीत सोडणे नव्हे. हातातले वादन टिकावे म्हणून केलेली ती निवड आहे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: संध्याकाळ, प्रार्थना मंदिर)

त्यांना उरलेला आधार सामुदायिक प्रार्थनेचा आहे. यावलीला जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरी आणि भजन यांना गावाच्या रोजच्या जगण्यात जागा करून दिली. त्यांच्या प्रेरणेने विदर्भातल्या कित्येक गावांत आजही संध्याकाळी लोक प्रार्थनेला जमतात. वेळ ठरलेली असते, ऐकणारे असतात, खंजिरी असते, म्हणून दिवसभर हिशेबात बुडालेल्या माणसाला वाजवण्यासाठी वेगळी वेळ शोधावी लागत नाही.

हंगामात मिलचे काम लांबते आणि त्यांना पोहोचायला उशीर होतो. प्रार्थना थांबू नये म्हणून गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी गावातल्या दोन शाळकरी मुलींना पेटी शिकवायला घेतली आहे. त्यांतली एक मुलगी आता स्वतः सूर धरून प्रार्थना सुरू करते. मास्तर आले, की ती पेटी सोडून खंजिरी घेते.