मधले साठ

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘व्यक्तिमत्त्व आणि पूर्वग्रह’. मघाशी दारात एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, “सर, म्हणजे स्वभावाला औषध नाही, एवढंच ना?” मी हसून आत आलो. पण या म्हणीभोवती आमच्या मानसशास्त्राची बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू.

दुसरं महायुद्ध संपल्यावर एक प्रश्न लोकांच्या डोक्यातून जाईना. ज्यूंना छावण्यांत धाडणाऱ्यांत कारकून होते, रेल्वेचे नोकर होते, घरी जाऊन पोरांना मांडीवर घेणारे होते. ही माणसं मुळात वेगळीच असतात का? १९५० साली अडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, लेव्हिन्सन आणि सॅनफर्ड या संशोधकांनी उत्तर दिलं : हो, असतात. धाकात वाढलेलं मूल बापाचा राग बापावर काढू शकत नाही. मोठेपणी ते वरच्यापुढं वाकतं आणि खालच्याला चेपतं. याला त्यांनी नाव दिलं अधिकारशाही व्यक्तिमत्त्व. ते मोजायला एक मापनी, म्हणजे विधानांची प्रश्नावली काढली. तिचं नाव एफ-मापनी, एफ फॅसिझमचा.

मापनीत एक गंमत राहून गेली. सगळी विधानं एकाच बाजूची. जो प्रत्येकाला ‘बरोबर आहे’ म्हणेल तो आपोआप हुकूमशहाचा भक्त ठरणार! आपल्याकडं सर्वेक्षणवाला दारात आला की माणूस “हाय की ओ, बरोबर हाय” म्हणत चहाच्या आत त्याला वाटेला लावतो. त्या हिशेबानं अख्खी पेठ फॅसिस्ट निघेल.

पण म्हणून सगळं टाकून देण्यासारखं नव्हतं. १९४६ साली हार्टली नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं काम प्रसिद्ध झालं. अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांनी वेगवेगळ्या समाजांची यादी दिली आणि विचारलं, यातले कोण शेजारी चालतील, कोण सोयरे चालतील? यादीत तीन नावं खोटी घुसडली होती. त्यातले एक ‘डॅनिरियन’. असे लोक पृथ्वीवर नाहीतच. तरी ज्या पोरांना ज्यू आणि काळे नको होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना डॅनिरियनही नको होते. ज्याला कधी भेटलो नाही, भेटणं शक्य नाही, त्याचाही तिटकारा! इथं दोष डॅनिरियनांकडं कसा जाईल? तो बघणाऱ्याच्या पदरातच पडतो.

पुढं ही मोजणी सुधारली. कॅनडात आल्टमायर यांनी अधिकारशाही वृत्तीची नवी मापनी केली, तिच्यात उलट्या बाजूची विधानंही घातली. १९९० च्या दशकात सिडॅनियस आणि प्रॅटो यांनी दुसरंच काही मोजलं : समाजात एक वर आणि एक खाली हे असायचंच, असं कुणाला किती वाटतं. डकिट यांनी या दोन्हींची सांगड घातली. पूर्वग्रहाकडं दोन वाटांनी जाता येतं, असं त्यांचं म्हणणं. एक वाट भीतीची, ‘हे लोक आले की आपली रीत बुडणार’. दुसरी वाट चढाओढीची, ‘हे वर आले की आपण खाली’. २००८ मध्ये सिब्ली आणि डकिट यांनी सत्तरेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा स्वभावाचे दोन धागे हाताला लागले. नव्या अनुभवाला मन मोकळं नसलेला माणूस पहिल्या वाटेनं जाण्याची शक्यता जास्त, आणि दुसऱ्याबद्दल कणव कमी असलेला दुसऱ्या. गृहस्थ, इथवर तुमची म्हण पास.

आता नापास कुठं होते ते बघा. पेटिग्रू या मानसशास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मोजणी केली. दोन्हीकडं गोऱ्यांत काळ्यांविषयी आकस भरपूर. मग अधिकारशाही स्वभावही भरपूर निघायला हवा. तसा तो निघाला नाही. तिथली माणसं स्वभावानं चारचौघांसारखीच होती. फक्त त्यांचे चारचौघे तसे होते.

आणि मिनार्ड यांचा अभ्यास. याच्यापाशी मी जरा थांबणार आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणी, १९५२. जमिनीखाली गोरे-काळे खांद्याला खांदा लावून काम करायचे. वर आले की वस्त्या वेगळ्या, उठबस वेगळी. मिनार्ड यांचा अंदाज असा की शंभरातले वीस गोरे खाली-वर दोन्हीकडं नीट वागायचे, वीस दोन्हीकडं वाईट. उरलेले साठ? खाणीच्या तोंडाशी बदलायचे.

मला हे वाचून इथल्या, सोलापुरातल्या आमच्या पेठेतली बिडी कारखान्याची ओसरी आठवली. लहानपणी आईबरोबर जायचो. मांडीवर सूप, शेजारी पानं आणि तंबाखू, बायका बिड्यांचे कट्टे मोजून घ्यायची वाट बघत बसलेल्या. पद्मशाली, मुसलमान, मराठा, दलित, सगळ्या एका रांगेत. बोलणं तेलुगूत सुरू व्हायचं, मराठीत वळायचं आणि दखनीत संपायचं. कुणाची पानं कमी पडली तर शेजारीण आपल्यातली सरकवायची. तपासणाऱ्यानं मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या की सगळ्या मिळून त्याला शिव्या घालायच्या. घरी परत निघालो की मात्र कोपऱ्यावर आईची पावलं भरभर पडायची. तिथल्या एका घरात मी पाणी मागितलेलं तिला चालायचं नाही. ते घर ओसरीवर तिच्या शेजारी बसणारीचंच होतं.

आई दुष्ट नव्हती हो. तिची चाचणी घेतली असती तर कणव काठोकाठ भरली असती. ती साठांतली होती.

कधी कधी तर जागेचा नियमच पूर्वग्रह असतो. तुम्हा सोलापूरकरांना सुताचं मी काय सांगणार, पण मुंबईच्या गिरण्यांतलं एक सांगतो. मागाच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात दलितांना घेतच नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आता त्या खात्यातल्या प्रत्येक विणकराचा स्वभाव तपासून काय हाती लागणार होतं? एखादा मोकळ्या मनाचा असेलही. खात्याचं दार बंदच.

मग आकस कमी कसा होतो? मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितलं की त्यासाठी नुसतं जवळ येऊन भागत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून काम अडायला हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास तपासले. या अटी पुऱ्या झाल्या तर उत्तम, पण नसतानाही संपर्कानं आकस बहुधा कमीच होतो, असं त्यांना दिसलं. मला यात आशा वाटते. थोडी लाजही वाटते, कारण आता माझी गोष्ट.

जुळे सोलापुरात माझं घर आहे, वर एक खोली भाड्यानं द्यायची होती. एक तरुण आला. लॅबमध्ये नोकरी, बोलायला गोड. चहा झाला, भाडं ठरलं, मी हो म्हटलं. संध्याकाळी त्यानं व्हॉट्सॲपवर आधार कार्ड पाठवलं. आडनाव वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली उभी राहिली. समोरचे काका, कोपऱ्यावरचं मंडळ. त्या पोराविषयी मनात वाईट काहीच नव्हतं. मी टाइप केलं, “सॉरी, खोली पाहुण्यांना द्यावी लागतेय.”

१९३० च्या दशकात लापिएर नावाचे समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरले. सुमारे अडीचशे हॉटेलं, खानावळी. नकार एकदाच मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्रानं विचारलं, चिनी लोकांना घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ कळवलं. तोंडावर हो, कागदावर नाही. हा प्रयोग मी वर्गात तीस वर्षं शिकवला. दर १२ जानेवारीला, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीच्या दिवशी, चार पुतळ्यांपाशी जाऊन धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे ही नावं एका दमात घेतली. खोली नाकारली त्याच वर्षी पोरांबरोबर व्यक्तिमत्त्वाची चाचणी मीही भरली होती. मोकळेपणात मला वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त गुण होते.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, “कोण पाहुणे येतायत ओ आपल्याकडं?”

खोली पुढं चार महिने रिकामी होती.